पासंग आणि दांडी : तराजूच्या खरेपणाचा इतिहास



आजचा विषय तराजूचा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तराजू तरफेच्या धड्यात भेटतो. इतिहासाच्या पुस्तकात तो जवळजवळ भेटतच नाही. पण घनसावंगीसारख्या ठिकाणी कापूस, तूर, सोयाबीन, मोसंबी, गोदाकाठचा ऊस, सगळंच शेवटी कुठल्या ना कुठल्या काट्यावर जातं. वर्षभराचं काम त्या काट्यावर दोन मिनिटांत एका आकड्यात उतरतं. तो आकडा खरा की खोटा, यावर घरातलं लग्न, शाळेची फी, पुढचं बियाणं अवलंबून असतं. म्हणून तराजूचा इतिहास हा आपल्या घरचाच इतिहास आहे, असं आम्ही मानतो.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. एक रिकामा तराजू टांगलेला आहे. दोन्ही पारडी रिकामी आहेत, दांडी अगदी आडवी आहे, काटा बरोबर मध्यावर आहे. हा तराजू खरा समजायचा का? मनातल्या मनात उत्तर ठरवून ठेवा. आम्ही जिथे जिथे हा प्रश्न विचारला, तिथे बहुतेक जण 'हो' म्हणाले. उत्तर 'नाही' असं आहे. ते का, आणि हे 'नाही' जुन्या लोकांना कधीपासून ठाऊक होतं, हे आज पाहायचं आहे.

पहार, गाडी आणि जातं

आधी थोडं विज्ञान, पण आपल्या अंगणातलं.

विहिरीच्या काठावरचा मोठा दगड हलवायचा असेल तर आपण पहार घेतो. पहारीचं टोक दगडाखाली घालतो, जवळच एक लहान दगड टेकू म्हणून ठेवतो आणि दुसऱ्या टोकावर भार देतो. टेकू दगडाच्या जितका जवळ, तितकं काम हलकं. टेकू आपल्याकडे सरकवला तर तोच माणूस, तीच पहार, पण दगड ढिम्म हलत नाही.

आता बैलगाडी घ्या. दहा पोती भरायची आहेत. सगळी मागे रचली तर जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो, आपण म्हणतो 'गाडी उलार झाली'. सगळी पुढे रचली तर भार बैलांच्या मानेवर येतो. पोती तीच, वजन तेच. बदललं ते फक्त आखापासूनचं अंतर. गाडी भरणारा जुना माणूस एखादं पोतं वीतभर पुढे किंवा मागे सरकवून गाडी 'लागी' लावायचा. त्याला कोणी सूत्र शिकवलं नव्हतं, पण तो सूत्रच वापरत होता.

जात्याचा खुंटा कुठे असतो? अगदी कडेला. तो मध्याजवळ ठोकला असता तर आपल्या आज्यांचे हात दोन पायलीतच भरून आले असते. कडेला ठोकल्यामुळे हाताला फेरा मोठा घ्यावा लागतो, पण जोर कमी लागतो.

या सगळ्यांत एकच नियम आहे. एखादी वस्तू फिरवायची, वळवायची, कलंडवायची असेल तर नुसता जोर पाहून चालत नाही. जोर आणि टेकूपासूनचं अंतर यांचा गुणाकार पाहावा लागतो. टेकूपासून दोन फुटांवर १० किलो आणि दुसऱ्या बाजूला एक फुटावर २० किलो ठेवले, तर दांडी आडवी राहील. इकडेही गुणाकार २०, तिकडेही २०.

आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगरात, हा नियम भूमितीसारखा सिद्ध करून लिहून ठेवला. पण मंडळी, नियम लिहिला जाण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं तो वापरत होती. आणि वापरत होती म्हणजे दोन्ही कामांसाठी : दगड उलथायला आणि दुसऱ्याला फसवायला.

जुन्यांना काय ठाऊक होतं

तराजू ही तरफच आहे. मध्ये टेकू, दोन बाजूंना दोन भुजा. फक्त एक करार आहे की दोन्ही भुजा समान लांबीच्या असतील. अंतरं समान असली की गुणाकारातून अंतर वजा होतं आणि उरते फक्त वजनाशी वजनाची तुलना. सगळा व्यवहार या करारावर उभा आहे. आणि हा करार गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही. त्याला दिसतात वजनं, त्याला दिसतो माल. दांडीची लांबी कोण मोजतो?

सिंधू संस्कृतीतल्या लोकांची वजनं आज आपल्याकडे आहेत. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घासून गुळगुळीत केलेले चौकोनी ठोकळे. एकाच्या दुप्पट दुसरा, त्याच्या दुप्पट तिसरा : १, २, ४, ८, १६ अशी चढती रांग. त्यातलं सोळाच्या जागेवरचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतं. दूरदूरच्या नगरांत हे प्रमाण जवळपास सारखंच सापडतं. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी 'वजन सगळीकडे एकच हवं' ही गोष्ट लोकांना पटलेली होती.

पण वजन एक झालं तरी दांडीचं काय? याचा उल्लेख एका ग्रीक ग्रंथात मिळतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर यंत्रांविषयीच्या प्रश्नांचा एक ग्रंथ आहे. अभ्यासक तो त्याच्या परंपरेतल्या दुसऱ्या कोणाचा तरी मानतात. त्याच्या पहिल्याच प्रश्नात तराजूची चर्चा आहे आणि तिथे जांभळा रंग विकणाऱ्या व्यापाऱ्यांची लबाडी सांगितली आहे. जांभळा रंग तेव्हा फार महाग असे. हे व्यापारी तराजूची दोरी दांडीच्या बरोबर मध्यावर न बांधता किंचित बाजूला बांधत. आणि मग दांडी कललेली दिसू नये म्हणून एका भुजेत शिसं ओतत, किंवा दांडीचं लाकूडच असं निवडत की एका बाजूला मुळाकडचा किंवा गाठीचा जड भाग येईल. आर्किमिडीजच्या सिद्धतेचा मागचा-पुढचाच हा काळ. एकीकडे विद्वान नियमाचा विचार करत होते, दुसरीकडे बाजाराने त्या नियमाची पळवाट शोधून ठेवली होती.

आपल्याकडे कौटिल्याचं अर्थशास्त्र आहे. हा ग्रंथ शतकानुशतकं हरवल्यासारखा होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींच्या हाती त्याचं हस्तलिखित १९०५ मध्ये आलं आणि १९०९ मध्ये तो छापून निघाला. त्यात वजनमापांसाठी 'पौतवाध्यक्ष' नावाचा वेगळा अधिकारी आहे. वजनं लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची असावीत, पाण्याने किंवा उष्णतेने कमीजास्त न होणारी असावीत, असं तो सांगतो. लहान सोन्याच्या तराजूपासून मोठ्या तुलेपर्यंत वेगवेगळ्या लांबीच्या दांड्या किती अंगुळांच्या आणि किती वजनाच्या असाव्यात, हेही तो ठरवून देतो. म्हणजे त्याची नजर वजनांपाशी थांबत नाही, ती दांडीवरही आहे. दर चार महिन्यांनी वजनमापांवर शिक्का मारून घ्यायचा, नाही तर दंड, असा नियम आहे. आणि जो व्यापारी जादा तोलाने खरेदी करतो आणि कमी तोलाने विकतो, त्याला दुप्पट दंड. मनुस्मृतीतही राजाने दर सहा महिन्यांनी तराजू-मापं पुन्हा तपासावीत असं म्हटलं आहे.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. तपासणी 'एकदा' सांगितलेली नाही. पुन्हा पुन्हा सांगितली आहे. तराजू आज खरा असला तरी उद्या तसाच राहील असं त्या काळच्या राज्यकर्त्यालाही वाटत नव्हतं.

पासंग

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठीत आपण म्हणतो, 'तो याच्या पासंगालाही पुरणार नाही.' पासंग म्हणजे काय, हे आज किती जणांना ठाऊक आहे? रिकाम्या तराजूची दोन पारडी समान नसतील, एक किंचित हलकं असेल, तर हलक्या बाजूला खडा, खिळा, शिशाचा तुकडा, चिंधी असं काहीतरी बांधून दांडी सरळ करत. तो तुकडा म्हणजे पासंग. पासंग इतका क्षुल्लक, म्हणून ती म्हण.

पासंगाचा मूळ हेतू प्रामाणिकच होता. पारडी हाताने घडवलेली असत, एक थोडं जाड, एक थोडं पातळ. तेवढा फरक पासंगाने निघे. पण हाच पासंग त्या ग्रीक व्यापाऱ्याचं शिसंही होऊ शकतो. कसं, ते आकड्यांत पाहू.

समजा एका तराजूची डावी भुजा ४९ सेंटीमीटर आहे आणि उजवी ५० सेंटीमीटर. एका सेंटीमीटरचा फरक. लांबून बघणाऱ्याला तो दिसणार नाही. दोन्ही पारडी एकेक किलोची आहेत. दांडीचं स्वतःचं वजन क्षणभर बाजूला ठेवू. रिकामा तराजू उजवीकडे किंचित झुकेल, कारण तिकडचं अंतर जास्त. आता डाव्या पारड्याखाली साधारण २० ग्रॅमचा शिशाचा तुकडा चिकटवला की दांडी आडवी. काटा मध्यावर. गिऱ्हाईक खूश.

मग व्यापारी तुमचा कापूस डाव्या, म्हणजे आखूड बाजूला ठेवतो आणि वजनं उजव्या, लांब बाजूला. खरा कापूस ५० किलो आहे. ५० गुणिले ४९ बरोबर वजन गुणिले ५०. हिशेब करा : ४९ किलोच्या वजनांनी दांडी सरळ होईल. तुमचा एक किलो गेला. वजनं शिक्क्याची, खरी. दांडी आडवी. काटा मध्ये. कोणीही खोटं बोललेलं नाही आणि तरी तुम्ही एक किलोला बुडालात.

इथे नीट पाहा. पासंग २० ग्रॅमचा आहे आणि चोरी एक किलोची. पासंग रिकाम्या पारड्यांचा फरक झाकतो, तो ठरलेला असतो. भुजेचा फरक मात्र मालाबरोबर वाढत जातो. ५० किलोला एक, क्विंटलला दोन, वीस क्विंटलला चाळीस किलो. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. त्या भावाने चाळीस किलो कापसाचे २,८०० रुपयांवर होतात. एका सेंटीमीटरचे.

म्हणून रिकाम्या तराजूची सरळ दांडी हा खरेपणाचा पुरावा नाही. रिकामा तराजू फक्त एवढंच सांगतो की शून्याला शून्य बरोबर आहे.

मग पुरावा कोणता? तो अगदी सोपा आहे. माल आणि वजनं यांची पारडी अदलाबदल करायची. भुजा समान असतील तर काही बदलणार नाही. नसतील तर दांडी लगेच कलंडेल. आपल्या उदाहरणात माल लांब बाजूला गेला की तोच ५० किलो कापूस ५१ किलोच्या थोडा वर भरेल. आणि दोन्ही वेळची वजनं, ४९ आणि ५१.०२, यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की बरोबर ५० मिळतं. खोट्या तराजूकडूनही खरं उत्तर काढून घेता येतं, फक्त त्याला दोनदा विचारावं लागतं. वर्गमूळ नको असेल तर दोन्हींची सरासरी घ्या, फरक दहा ग्रॅमचा, आणि तोही शेतकऱ्याच्या बाजूने.

आजीचं म्हणणं

हे आम्ही पुस्तकातून शिकलो, पण पहिल्यांदा ऐकलं ते घरी.

आमच्या लहानपणी कापूस वेचून झाला की गावातच खरेदी करणारा व्यापारी दारात येई. तीन वासे एकत्र बांधून त्याला मोठा तराजू टांगत. एका बाजूला कापसाचं गाठोडं, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजनं. आमच्या घरी आजीचा अंदाज दांडगा होता. गाठोडं उचलून ती 'एवढं असेल' म्हणायची आणि फार चुकायची नाही. एका वर्षी तिचा अंदाज आणि तराजूचा आकडा यांत प्रत्येक गाठोड्याला सारखाच फरक पडत गेला. तिसऱ्या गाठोड्याला ती ओसरीवरून म्हणाली, ''पारडी फिरवून जोख बरं बाबा.''

व्यापारी हसला. म्हणाला, ''म्हातारे, तराजू रिकामा करून दाखवू का?'' आणि त्याने खरंच रिकामा करून दाखवला. दांडी सरळ होती. आजी म्हणाली, ''रिकामा नको दाखवू. भरलेला फिरव.'' मग त्याला एकदम उशीर व्हायला लागला, गाडी थांबली होती, दिवस मावळत होता.

आम्हा भावंडांना वाटलं, आता आमचे वडील काहीतरी बोलतील. ते बोलले नाहीत. पेरणीच्या वेळी त्याच व्यापाऱ्याकडून त्यांनी उचल घेतली होती. ज्याचे पैसे आपल्या अंगावर आहेत त्याला 'पारडी फिरव' म्हणणं सोपं नसतं. रात्री आजी एवढंच म्हणाली, ''माहीत असून उपयोग काय, बोलायची सोय नको का?''

तो तराजू खोटाच होता, हे आम्ही आज सिद्ध करू शकत नाही. पारडी फिरलीच नाहीत, त्यामुळे कळायला मार्ग राहिला नाही. पण आजीचं वाक्य आमच्या पुढच्या अभ्यासाची दिशा ठरवून गेलं. नुसतं विज्ञान माहीत असणं पुरत नाही. 'फिरवून जोख' असं सांगू शकणारा, कोणाचं देणं नसलेला माणूस काट्यापाशी उभा हवा. बाजार समित्यांचा इतिहास म्हणजे त्या माणसाचा शोध आहे.

कारंज्यापासून पुढे

जुन्या गावगाड्यात धान्य बहुधा वजनाने नव्हे, मापाने मोजत. शेर, अधोली, पायली, मण, खंडी. तुमच्याच तालुक्यातल्या जांबेत १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला, त्यांच्या घराण्याकडे गावचं कुलकर्णीपण होतं. कुलकर्ण्याच्या वहीतलं धान्य असं मापानेच चढे. मापाची लबाडी वेगळी होती. घेताना माप शीग लावून भरायचं, देताना सपाट. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग त्यातलाच.

कापूस मात्र मापाने मोजता येत नाही. दाबला तर कमी दिसतो, फुलवला तर जास्त. कापूस बाजारात आला आणि तराजू अपरिहार्य झाला. आणि तराजूबरोबर बाजारातल्या बाकीच्या गोष्टीही आल्या : रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता. शेरही गावागणिक वेगळा. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅमचा ठरवला. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण धरला की मण ३७.३२ किलोचा होतो. पण कागदावरचा मण आणि पेठेतला मण यांची गाठ पडायला पुढे सव्वाशे वर्षं लागली.

पहिली नियंत्रित बाजारपेठ मराठी मुलखातच निघाली. वऱ्हाड तेव्हा निजामाचा, पण इंग्रजांच्या ताब्यात होता. तिथे कारंजा इथे १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने कापसाचा बाजार नियमाखाली आणला गेला. हेतू शेतकऱ्याच्या कळवळ्याचा नव्हता, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात मिळावा हा होता. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. अडत्या आणि मापाडी यांना परवाने, वजनांची तपासणी, बाजाराला समिती. त्या समितीत भरणा मात्र व्यापाऱ्यांचाच होता. म्हणजे तराजू तपासणारा आला, पण तो तराजूवाल्याच्याच घरचा.

१९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला. लिनलिथगो त्याचे अध्यक्ष. त्यांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या : नियंत्रित बाजार वाढवा आणि वजनमापं प्रमाणित करा. ही जोडी महत्त्वाची आहे. नुसतं वजन प्रमाणित केलं तर दांडी मोकळी राहते. नुसता बाजार बांधला तर वजन मोकळं राहतं.

आपला हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद जिल्हा, अंबड तालुका. जालना मोठी पेठ. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली आणि इथला कापूस आगगाडीत चढू लागला. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा केला, मुंबई इलाख्याने १९३९ मध्ये. पण या कायद्यांची नजर पेठेच्या आवारापुरती होती. दारात तराजू टांगून होणाऱ्या खरेदीपर्यंत ती क्वचितच पोचे, आणि छोट्या शेतकऱ्याचा माल तर दारातच विकला जाई.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५६ मध्ये देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. या पंचवीस वर्षांत काट्यापाशी शेतकऱ्याचा प्रतिनिधी, परवानाधारक मापाडी आणि शिक्का मारलेलं वजन हे तिघं निदान कागदावर तरी एकत्र आले. कौटिल्याचा पौतवाध्यक्ष आता वैध मापन खात्याचा निरीक्षक झाला होता.

दांडी गेली, प्रश्न राहिला

आता शेवटचा टप्पा. टांगलेला तराजू हळूहळू गेला. दुकानात काउंटरवरचा काटा आला, ज्याची पारडी दांडीच्या वर असतात. त्याची कल्पना रोबेरव्हाल या फ्रेंच गणितज्ञाने १६६९ मध्ये मांडली होती. दांडीखाली तिला समांतर दुसरी दांडी जोडली, की पारडं सरळ वर-खाली होतं आणि माल पारड्याच्या मध्यावर ठेवा की कडेला, फरक पडत नाही. मग फळीचा काटा आला. त्यात फळीखाली तरफेला तरफ जोडलेली असते. त्यामुळे एका टोकाला ठेवलेलं लहान वजन फळीवरच्या पोत्याला तोलतं. ट्रक तोलणारे जुने मोठे काटेही याच तत्त्वाचे. पहारीने दगड उलथायचा तोच नियम, फक्त साखळी लांब.

आज ट्रॅक्टर ज्या काट्यावर चढतो तिथे दांडीच नाही. फळीखाली पोलादाचे ठोकळे असतात. भाराने ते केसाच्या अंशाइतके दबतात. त्यांना चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध त्याने बदलतो आणि त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो. भुजा नाही, पारडं नाही, पासंग नाही. मग आपला जुना प्रश्न संपला का?

संपला नाही. नीट पाहिलं तर तो तसाच उभा आहे. गाडी येण्याआधी पडद्यावर शून्य दिसतं, आणि शून्य दिसलं की आपल्याला वाटतं काटा खरा. पण ते शून्य म्हणजे पासंग आहे. एक बटण दाबलं की शून्य येतं. त्याचा अर्थ एवढाच की रिकाम्याला रिकामं बरोबर आहे. भार वाढला की आकडा किती वाढायचा, हे प्रमाण वेगळं ठरवलेलं असतं. ते प्रमाण म्हणजे या काट्याची भुजा. ते शेकडा दोनने कमी असेल तर शून्य अगदी निर्मळ दिसेल आणि पंधरा टन उसाला तीनशे किलो जातील.

ऊस तोलताना आधी भरलेली गाडी, मग रिकामी गाडी, आणि दोन्हींची वजाबाकी अशी पद्धत असते. शून्य दोन्ही वेळा सारखंच सरकलेलं असेल तर ती चूक या वजाबाकीत निघून जाते. दहा किलो जादा दाखवणारा काटा दोन्ही वेळा दहा किलो जादा दाखवील. पण प्रमाणाची चूक वजाबाकीने जात नाही. म्हणजे जी चूक डोळ्यांना दिसते ती निरुपद्रवी, आणि जी दिसत नाही ती खिसा कापणारी. शेतकऱ्यांच्या आंदोलनांत 'काटामारी' हा शब्द वारंवार येतो. कुठल्या ठिकाणी ती खरी, कुठे नाही, हे तपासणीनेच ठरेल, भाषणाने नाही. आम्हाला एवढंच सांगायचं आहे की 'शून्य बघा ना' हे त्या शंकेला उत्तर नाही. आमच्या आजीला रिकामा तराजू दाखवला होता, तसंच ते आहे.

मग करायचं काय? तीन गोष्टी, आणि तिन्ही आपल्या आवाक्यातल्या.

पहिली, टांगता तराजू असेल तर भरलेली पारडी फिरवायला सांगा. रिकामी नव्हे, भरलेली.

दुसरी, फळीचा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर आपल्या मालाच्या जवळपास येणारं शिक्क्याचं वजन त्यावर ठेवून बघायला सांगा, मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर. एक किलोचं वजन ठेवून क्विंटलच्या काट्याची परीक्षा होत नाही. गाडीच्या काट्याची शंका असेल तर तीच भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर तोलून पाहा.

तिसरी, शिक्क्याची तारीख विचारा. वैध मापन कायदा २००९ चा आहे आणि व्यवहारातला प्रत्येक काटा ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारून घेणं त्याखाली बंधनकारक आहे. कौटिल्याने चार महिने सांगितले, मनूने सहा. आजची मुदत वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे, आणि ते प्रमाणपत्र बघायला मागणं हा कोणावर अविश्वास नाही.

हे तिन्ही एकट्या माणसाने मागितलं तर आमच्या वडिलांसारखी त्याची अडचण होते. ज्याच्याकडून उचल घेतली त्याला एकटा शेतकरी बोलू शकत नाही. चार जणांनी मिळून, हंगाम सुरू होण्याच्या आधी, कोणाचाही माल काट्यावर नसताना मागितलं, तर त्यात भांडण राहत नाही. प्रामाणिक व्यापाऱ्यालाही ते हवंच असतं, कारण त्याच्या खऱ्या तराजूची किंमत शेजारच्या खोट्या तराजूमुळेच कमी होते.

आपल्या तालुक्यातल्या शाळांत सहावी-सातवीला तरफेचा धडा असतो. टेकू, भार, बल, आकृती काढा, पाच गुण. शिक्षक मंडळींना आमची एक विनंती आहे. त्या दिवशी वर्गात एक पट्टी, दोरा आणि दोन डब्यांची झाकणं घेऊन मुद्दाम खोटा तराजू बनवा. दोरा मध्यापासून थोडा बाजूला बांधा, पासंग लावून दांडी सरळ करा आणि मुलांना विचारा, हा खरा आहे का? मुलं 'हो' म्हणतील. मग एखाद्या मुलीला भरलेली झाकणं फिरवायला सांगा. ती मुलगी पुढे आपल्या घरचा कापूस काट्यावर जाताना ओसरीवर उभी असेल, तेव्हा तिला काय बोलायचं ते ठाऊक असेल.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि कोणाच्या घरी माळ्यावर जुना टांगता तराजू पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. खाली काढा, पारडी फिरवून बघा आणि काय निघालं ते आम्हाला कळवा.